चिकन सॅलड : दोष कोंबडीचा, बदनामी मेयोनेजची

लेट्यूसच्या पानावर मेयोनेजमध्ये कालवलेल्या चिकनचा पांढरट गोळा, वर भाजलेले बदाम, बाजूला द्राक्षं. अमेरिकेतल्या जुन्या ‘लेडीज लंच’चं हे ठरलेलं ताट. त्यावरून समज असा, की हे बायकांचं हलकंफुलकं खाणं. पण एका टेबलस्पून मेयोनेजमध्येच ९०-१०० कॅलरी असतात. सॅलड या नावावर डाएटवाल्यांनी जाऊ नये.

दुसरा समज, की हा उरलंसुरलं संपवण्याचा स्वस्त पदार्थ. ऱ्होड आयलंडमधल्या एका मटणवाल्याने १८६३ साली उरलेल्या चिकनमध्ये द्राक्षं आणि टॅरॅगॉन घालून तो शोधला, अशी कथा आवडीने सांगितली जाते. एलायझा लेस्ली यांच्या १८३७ सालच्या पाकपुस्तकात मात्र चिकन सॅलड आधीच हजर आहे, आणि त्यासाठी त्या चांगल्या कोवळ्या कोंबड्या मुद्दाम शिजवायला सांगतात. सोबत सेलरी, उकडलेल्या अंड्यांचा बलक, तेल, व्हिनेगर आणि मोहरी. त्या काळी अंडी देणारी कोंबडी कापणं ही चैनच होती. म्हणून तर चिकनच्या जागी वासराचं मांस खपवलं जाई. कोंबडी स्वस्त होऊ लागली ती १९२३ नंतर. डेलावेअरमधल्या सेसिल स्टील यांनी ५० पिल्लं मागवली आणि चुकून ५०० आली. त्यांनी ती मांसासाठी वाढवून विकली आणि ब्रॉयलरच्या धंद्याने मूळ धरलं. त्याआधी पाहुण्यांपुढे चिकन सॅलड ठेवणं म्हणजे ऐपत दाखवणं.

‘लेडीज लंच’ म्हणजे नुसत्या रिकामटेकड्या गप्पा, हेही खरं नाही. एके काळी पुरुष सोबत नसेल तर बाईला चांगल्या रेस्टॉरंटमध्ये घेत नसत. १८६८ साली ‘सोरोसिस’ या महिला क्लबच्या सभासद न्यूयॉर्कच्या डेल्मोनिकोजमध्ये पुरुषांशिवाय जेवल्या, तेव्हा त्याची बातमी झाली. पुढे डिपार्टमेंट स्टोअरांच्या टी-रूममध्ये बायकांना हक्काची जागा मिळाली.

सगळ्यात चिवट समज मेयोनेजचा : उन्हात सॅलड नासलं की खापर त्याच्यावर. बाटलीतल्या मेयोनेजमध्ये व्हिनेगर किंवा लिंबू असतं, अंडं पाश्चराइज केलेलं असतं. त्या आंबटपणात जंतूंना वाढणं अवघड जातं. त्यांना मानवते ती शिजलेली, ओलसर कोंबडी. त्यात ते चिरणाऱ्याच्या हातांवरून सहज जातात. म्हणून सॅलड दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये. तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यात घड्याळ लावूनच बसावं. घरी कच्च्या अंड्याचं मेयोनेज केलं असेल तर वरचं अभय त्याला लागू नाही.

कच्ची कोंबडी नळाखाली खळखळून धुतली की निर्धास्त, असं आपल्याकडे पक्कं मानतात. पण उडणाऱ्या शिंतोड्यांनी जंतू ओट्यावर आणि बाजूच्या सेलरीवर जातात. ते मरतात उष्णतेनेच : मांसाच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस. रस नितळ दिसला म्हणजे शिजलं, हा अंदाज फसतो, थर्मामीटर घ्यावा.

म्हणून कोंबडी रटारटा उकळायची का? मुळीच नाही. त्याने ब्रेस्टचे धागे चिवट होतात. मीठ, कांदा, मिरी घातलेल्या पाण्यात, बुडबुडे जेमतेम उठतील इतक्या आचेवर ती शिजू द्यावी. मग गार करून सुरीने छोट्या चौकोनी फोडी कराव्यात. मिक्सरमधून फिरवलेलं चिकन सँडविचमध्ये खपतं, पाहुण्यांच्या ताटात नाही. कोमट चिकनमध्ये मेयोनेज घातलं तर ते पातळ होऊन तेल सुटतं. द्राक्षं नीट पुसून, बदाम वाढण्याच्या वेळी.

आदल्या दिवशी करून ठेवलं तर चव उलट मुरते. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. फ्रीझरमध्ये मात्र मेयोनेज फाटतं आणि सेलरी लिबलिबीत होते.