पित्तानं पोळलेला उंदीर

यकृताच्या कर्करोगावरचं संशोधन म्हणजे नक्की काय चालतं, ते लिहा, असं संपादक म्हणाले. मी शोधनिबंध वाचायला बसले आणि एका उंदरापाशी अडकले.

मागचा इतिहास थोडक्यात आटोपतो. सततची जळजळ आणि कर्करोग यांचं नातं रुडॉल्फ विर्चो यांनी 1863मध्येच सांगितलं होतं. हिपॅटायटिस बी आणि सी, दारू, साठलेली चरबी या वाटा वेगवेगळ्या. पण गाठ बहुतेक वेळा उगवते ती वर्षानुवर्षं सुजून निबर झालेल्या यकृतातच.

आता उंदीर. 1993 साली ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी त्याचं ‘एमडीआर-टू’ हे जनुक निकामी केलं. या जनुकाचं काम साधं: यकृताच्या पेशीतलं लेसिथिन पित्तात सोडायचं. पित्तातले क्षार म्हणजे एक प्रकारचा साबणच, चरबी फोडणारा. लेसिथिन सोबत असलं की तो सौम्य राहतो. नसलं, की धुण्याच्या सोड्यात दिवसभर हात घालणाऱ्या बाईच्या बोटांचं जे होतं, तेच पित्तनलिकांचं होतं. ना विषाणू, ना दारू, ना बाहेरचं विष. आपल्याच पित्तानं पोळत राहायचं आणि पुढे त्याच यकृतात गाठी धरायच्या! मला या प्राण्याची कीव येते, आणि तो घडवणाऱ्यांच्या डोक्याचं कौतुकही वाटतं.

जेरुसलेमच्या एली पिकार्स्की आणि यिनॉन बेन-नेरिया यांनी 2004मध्ये याच उंदराच्या यकृतपेशींत एक खटका बसवला. एक प्रतिजैविक देऊन किंवा थांबवून ‘एनएफ-कप्पा-बी’ हे प्रथिन हवं तेव्हा गप्प करता येई. दाहाची हाक आली की पेशीला तग धरायला लावणारं हे प्रथिन. जन्मापासून सात महिने ते गप्प ठेवलं, तरी सूज तशीच राहिली आणि पेशी बिघडायच्या तशा बिघडू लागल्या. नंतरच्या टप्प्यात गप्प केलं, तेव्हा मात्र बिघडलेल्या पेशी मरू लागल्या आणि कर्करोग पुढे सरकेना. शेजारच्या पेशींकडून येणारा ‘टीएनएफ’ हा निरोप अडवला, तरी तेच.

म्हणजे औषध सापडलं? तसं वाटलं असेल खरं. पण पुढच्याच वर्षी सॅन डिएगोत मायकेल कॅरिन यांच्या प्रयोगशाळेनं नेमकं उलटं दाखवलं. त्यांच्या उंदरांना रसायन टोचून कर्करोग आणला होता. त्यात यकृतपेशींतला हाच एनएफ-कप्पा-बीचा मार्ग बंद केला, तर गाठी वाढल्या! संरक्षण गेल्यानं पेशी जास्त मेल्या आणि त्यांची जागा भरायला उरलेल्या भराभर दुभागू लागल्या. त्या गर्दीत बिघडलेल्याही वाढल्या. यकृतात पहारा देणाऱ्या कुफर पेशींतही तो मार्ग बंद केल्यावर गाठी घटल्या. 2007 साली तर याच मार्गातलं ‘नेमो’ हे प्रथिन यकृतपेशींतून काढल्यावर उंदरांना आपोआप कर्करोग झाला.

तोंडावाटे घेतलेली गोळी यकृतपेशीत आणि पहारेकऱ्यात असा भेद आपणहून करत नाही. शिवाय प्रयोगशाळेतल्या उंदराची जन्मतारीख वहीत लिहिलेली असते. माणसाचं यकृत वीस-तीस वर्षं धुमसतं, आणि दवाखान्यात आलेला माणूस त्या सात महिन्यांच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे कोण सांगणार? सिऱ्होसिसच्या, म्हणजे यकृत निबर झालेल्या, रुग्णाला डॉक्टर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायला सांगतात. ती पाहते गाठ. खटका तिला दिसत नाही.