जेवणाची नको इतकी काळजी, बोलण्याची मुळीच नाही

“वर्षाचा होईपर्यंत छान खायचा, आता घास दिसला की तोंड फिरवतो.” बालरोगतज्ज्ञांना ही तक्रार नवी नाही. पाठोपाठ टॉनिकची मागणी येते. खरे तर जन्मताना तीन किलोचे बाळ पहिल्या वाढदिवसाला नऊ किलोच्या आसपास पोचते. दुसऱ्या वर्षभरात जेमतेम दोन-अडीच किलोंची भर पडते. वाढ मंदावली की भूकही मंदावते. मग ‘निदान दूध तरी पोटात जाऊ दे’ म्हणून बाटलीवर बाटली पाजली जाते आणि खरा घोटाळा तिथे होतो. दुधात लोह नगण्य, आणि दुधाने पोट भरल्यावर वरणभात कोण खाणार? दिवसाला अर्धा लिटर पुरे. बाटलीवर पोसलेल्या गुटगुटीत मुलातही रक्तक्षय निघतो.

चालण्याचीही अशीच घाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत (त्यात भारतातली मुलेही होती) निरोगी मुले आठव्या महिन्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत केव्हाही आधाराशिवाय चालू लागलेली दिसली. मुलाला आत बसवायच्या वॉकरने चालणे लवकर येत नाही, अपघात मात्र होतात. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. उभे राहून ढकलायचा आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, पण त्याच्याजवळही मोठे माणूस हवेच.

भर दुकानात फतकल मारून रडणारे दोन वर्षांचे मूल लाडावलेलेच असते असे नाही. हवे ते कळते, सांगायला शब्द नसतात, आणि आवेग आवरणारा मेंदूचा भाग पक्का व्हायला विशी उलटते. त्याला तिथेच दटावून उपयोग शून्य.

काळजी करायची तिथे मात्र आपण निवांत! “मुलगे उशिराच बोलतात,” “याचे बाबाही तिसऱ्या वर्षी बोलले,” “घरात दोन भाषा, म्हणून गोंधळतो.” मुली थोड्या पुढे असतात, पण वर्षभराने नव्हे. दोन भाषांमुळेही बोलणे खोळंबत नाही. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले धरायचे. सोळा महिने झाले तरी एकही शब्द नाही, दोन वर्षांचा झाला तरी ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडत नाही, बोट दाखवून काही मागत नाही किंवा येत असलेले शब्द गेले, तर थांबू नये. आधी कान तपासावेत. दार आपटल्यावर दचकतो, म्हणजे सगळे ऐकू येते असे नाही. बोलण्यातले बारीक आवाज तरीही निसटू शकतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते तेव्हा हे सांगावे. पुढची तपासणी आणि उपचार मोफत होतात.