जुनी नोट खरंच मोलाची का?

नोट जुनी म्हणजे महाग, हा समज आधी सोडायला हवा. किंमत ठरते दुर्मिळतेवर आणि नोटेच्या अवस्थेवर.

1959 साली रिझर्व्ह बँकेनं आखाती प्रदेशासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी इंग्रजी ‘झेड’ असे. तिथे रुपयाच चालत होता आणि त्याच्या आडून सोन्याची तस्करी होई. ती रोखण्याचा हा उपाय. पुढे 1961 मध्ये कुवेतनं दिनार आणला, हळूहळू इतरांनीही रुपया सोडला. बहुतेक नोटा परत जमा झाल्या, म्हणूनच उरलेल्यांना संग्राहक मोठी रक्कम मोजतात.

क्रमांकात तारा असलेली नोट मात्र लगेच दुर्मिळ समजू नका. छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी ती येते, 2006 पासून.

कोरी करकरीत नोट आणि घडी पडलेली, टाचणीनं भोक पडलेली नोट यांच्या भावात प्रचंड तफावत असते. नोट धुऊ नका, इस्त्री तर मुळीच करू नका.

आणि जुन्या नोटेचे लाखो रुपये देतो म्हणत कुणी आधी शुल्क मागितलं, तर एक पैसाही देऊ नका. रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्येच याबाबत सावध केलं आहे.