कचारगड : ‘आशियातली सर्वात मोठी’ ती कशी?

माघ पौर्णिमेची यात्रा जवळ आली की ते वाक्य पुन्हा कानावर येतं : ‘गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडची गुहा ही आशियातली सर्वात मोठी नैसर्गिक गुहा.’ बातम्यांत तेच, भाषणांत तेच, व्हॉट्सअ‍ॅपवर तर विचारूच नका. सांगणाऱ्याला एवढंच विचारावं, मोठी म्हणजे कशात? लांबीत, तळाच्या क्षेत्रफळात की पोकळीच्या घनफळात? गुहा मोजणारे ही तिन्ही मापं वेगळी धरतात. आपल्याकडे मापाआधीच निकाल लागलेला असतो.

बरं, हवं ते माप घ्या. चीनमधलं मियाओ दालन 2013 साली लेसरने मोजलं गेलं. घनफळ एक कोटी घनमीटरहून अधिक. बोर्निओतलं सारावाक दालन सुमारे 600 मीटर लांब आणि 400 मीटर रुंद. लांबीचा हट्ट असेल तर चीनच्याच श्वांगहे गुहेतले मोजलेले मार्ग 400 किलोमीटरच्या पुढे गेलेत. देशातच राहायचं म्हटलं तरी मेघालयातली क्रेम लियात प्राह 30 किलोमीटरहून लांब भरते.

या साऱ्या गुहा चुनखडी किंवा तिच्यासारख्या विरघळणाऱ्या खडकांतल्या. मातीतून झिरपताना पावसाचं पाणी कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि भेगाभेगांतून चुनखडी विरघळवत जातं. लाखो वर्षं हे चाललं की दालनांमागून दालनं तयार होतात. कचारगड ज्यात आहे तो सालेकसा-दरेकसाचा पट्टा मात्र रायोलाइट, ग्रॅनाइट, वालुकाश्म अशा खडकांचा. हे खडक तसे विरघळत नाहीत; सांध्यांवर झिजतात, तुकडे निखळतात. म्हणून इथे मैलोन्‌मैल भुयारांची अपेक्षाच चुकीची. धनेगावकडून चढून आत गेलं की छतातल्या भगदाडातून ऊन थेट खाली उतरलेलं दिसतं, पिवळे दुपट्टे घेतलेली माणसं त्यात उभी असतात. ते बघायचं सोडून लोक विक्रम का शोधतात, कोण जाणे.

‘गुहा संशोधकांनी शोधली’ हेही अर्धसत्यच. गोंडी संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांच्या लेखनामुळे कचारगड बाहेरच्या वाचकांना कळलं, हे खरं. पण काली कंकालीची मुलं इथे कोंडली गेली आणि पारी कुपार लिंगो व जंगो रायताड यांनी ती सोडवली, ही कथा गोंड समाज पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला आहे. व्हिएतनामच्या सोन दूंगचंही असंच. 2009 साली ब्रिटिश पथकाने ती मोजली, जगभर ‘शोध’ गाजला. तोंड दाखवणारा हो खान्ह हा तिथल्या गावचाच माणूस, त्याला ते जवळजवळ वीस वर्षं आधी दिसलं होतं.

कचारगडबद्दल काहींना वाटतं, ‘अजिंठ्यासारखी कोरलेली असेल.’ नाही, ही नैसर्गिक आहे. शिवाय अजिंठ्याचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथले खडक त्याच्या कितीतरी आधीचे.

‘गुहा हिवाळ्यात ऊब देते, उन्हाळ्यात गार होते.’ खोल गुहेतलं तापमान वर्षभर जवळपास तेच राहतं. बदलते ती बाहेरची हवा. कचारगडला मोठं तोंड आणि वर भगदाड, त्यामुळे इथे तेवढाही फरक जाणवेलच असं नाही.