चित्रात चालणारा प्रेक्षक

व्हिडिओ गेमला चित्रकलेची गरज पडते ती देखावे सुंदर करण्यापुरतीच, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो अपुरा आहे. नजर कोठे जावी आणि कोठे थांबावी, हे ठरवणे ही चित्रकाराची खरी विद्या. सावळाराम हळदणकरांचे, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र आठवा. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते आहे. तेथे 'चेहरा पाहा' असे कोणी सांगत नाही. ज्योतीचा उजेडच ते काम करतो. खेळातील अंधाऱ्या दालनाच्या टोकाला एकच दार उजळलेले असते, तेव्हा खेळाडूची पावले सूचनेवाचून तिकडे वळतात. तत्त्व तेच.

फरक एवढाच की, खेळाचा प्रेक्षक चित्रासमोर उभा राहत नाही, तो चित्रात चालतो. मग चौकट कोणी सांभाळायची? याची दोन उत्तरे पाहू.

पहिले 'इको' या 2001 सालच्या जपानी खेळाचे. त्याचे रचनाकार फुमितो उएदा हे ओसाका कला विद्यापीठात शिकलेले. जपानी आवृत्तीच्या वेष्टनावरचे चित्र त्यांनी स्वतः रंगवले. जॉर्जो दे किरिको या इटालियन चित्रकाराच्या उंच मनोऱ्याच्या चित्राचा त्यावर उघड प्रभाव आहे: प्रचंड वास्तू, लांब सावल्या, दोन चिमुकल्या आकृती. खेळातही कॅमेऱ्याची जागा बहुतांशी रचनाकारानेच ठरवलेली आहे. भव्य किल्ल्यात एक मुलगा एका मुलीचा हात धरून चाललेला दूरवरून दिसतो. पडद्यावर शक्तीचे मोजपट्टे नाहीत, आकडे नाहीत. चित्रातील रिकामी जागा जे करते तेच येथे घडते: आजूबाजूचे सारे काढून टाकल्याने धरलेल्या हाताला अर्थ येतो.

दुसरे उत्तर 'टीम फोर्ट्रेस 2' या 2007 सालच्या अमेरिकी खेळाचे. येथे कोठे पाहायचे ते खेळाडू ठरवतो. म्हणून चौकटीवर भिस्त ठेवता येत नाही. रचनाकारांनी ती आकृतीवर ठेवली. जे. सी. लायेंडेकर या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकी चित्रकाराच्या शैलीवरून त्यांनी आकृत्यांच्या कडा उजळ केल्या. नऊ पात्रांपैकी प्रत्येक पात्र नुसत्या बाह्यरेषेवरून ओळखू यावे, असा घाट दिला. छायाप्रकाशाचा विरोध छातीच्या उंचीवर, म्हणजे जेथे शस्त्र धरले जाते तेथे, तीव्र ठेवला. एका संघाला उष्ण रंग, दुसऱ्याला शीत. त्यामुळे समोर कोण आहे, तो आपला की परका, हे क्षणात कळते.

एकात दृष्टिकोन राखला आहे, दुसऱ्यात सोडून दिला आहे. नजरेची काळजी मात्र दोहोंत सारखीच आहे. घरातील मुले तासन्‌तास जे पाहतात त्याला आपण 'वेळ घालवणे' म्हणून मोकळे होतो. त्यामुळे त्यांतले सकस कोणते आणि पोकळ कोणते, हे सांगण्याचा आपला अधिकार आपणच गमावतो. पुढच्या वेळी मुलाच्या शेजारी बसून एवढेच पाहा: आपली नजर प्रथम कोठे गेली, आणि तिला तेथे कशाने नेले? चित्र पाहता येणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही.