आकाशातून आलेला मुद्देमाल

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. रात्री पावणेआठ-आठच्या सुमाराला विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे रांगेने सरकत गेले. कुणी म्हणालं उल्का, कुणी म्हणालं विमान, कुणी थेट क्षेपणास्त्रापर्यंत पोहोचलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात मात्र प्रकरण नुसतं बघण्यावर भागलं नाही. लाडबोरी गावात सामुदायिक जेवणाची तयारी चालली होती, तेवढ्यात लालभडक झालेलं एक कडं मोकळ्या जागेत येऊन आदळलं. स्फोट होईल या धास्तीने माणसं घरात पळाली आणि बराच वेळ बाहेर आली नाहीत. कडं निवल्यावर मोजलं, तर व्यास सुमारे ३ मीटर आणि वजन ४० किलोच्या वर. त्याच तालुक्यात पवनपारकडे धातूचा गोळा मिळाला, साधारण अर्धा मीटर व्यासाचा. पुढच्या दिवसांत आणखी गोळे सापडत गेले. मोहफुलं वेचण्याचे दिवस होते. पहाटे टोपली घेऊन रानात जाणाऱ्यांना वाघाचा अंदाज असतो, रॉकेटचा नव्हता.

सगळा माल सिंदेवाही पोलीस ठाण्यात जमा झाला. गुन्हेमालिकेच्या लेखकाने हेवा करावा अशी ही सुरुवात. पण टीव्हीवरच्या गुन्हेकथेत अंतराळ येतं ते दुसऱ्याच वाटेने.

संशयित, अंतराळवीर

या मालिकांना अंतराळवीर आवडतो, कारण तो फार उंचावर असतो. जितका उंच तितका पडताना आवाज मोठा. 'माँक' या अमेरिकी मालिकेच्या २००६ मधल्या एका भागात खुनाचा संशय अंतराळवीरावर येतो, पण खुनाच्या वेळी तो यानात बसून पृथ्वीला प्रदक्षिणा घालत असतो. घटनास्थळी नसल्याचा याहून भक्कम पुरावा कुठला? 'कॅसल'मध्ये २०१५ साली खून होतो तो मंगळमोहिमेच्या सरावासाठी उभारलेल्या कृत्रिम तळावर. मोजकी माणसं आणि बंद जागा, म्हणजे जुन्या वाड्यातल्या खुनाचाच साचा; फक्त अंगरख्याऐवजी अंतराळपोशाख. ब्रिटिश 'एंडेव्हर'ने २०१९ मध्ये 'अपोलो' नावाचा भाग केला. त्यात चांद्रविजय ही जुलै १९६९ ची पार्श्वभूमी आहे. सगळं जग चंद्राकडे बघत असताना ऑक्सफर्डच्या पोलिसाला जमिनीवरचा मृत्यू उलगडायचा असतो.

खऱ्या घटनेवर झडप घालण्यातही या मालिका तत्पर. ५ फेब्रुवारी २००७ रोजी नासाची अंतराळवीर लिसा नोवाक हिला ऑरलँडो विमानतळावर प्रेमप्रकरणातल्या प्रतिस्पर्धी स्त्रीवर हल्ला केल्याबद्दल अटक झाली. त्याच वर्षी 'लॉ अँड ऑर्डर: क्रिमिनल इन्टेन्ट'चा 'रॉकेट मॅन' हा भाग आला, आणि त्यात थेट खून होता. प्रत्यक्षात कुणाचा जीव गेला नव्हता. २००९ मध्ये नोवाकने सौम्य आरोप मान्य केले आणि तिला एक वर्षाची परिवीक्षा मिळाली. ह्यूस्टनहून गाडी हाकताना ती वाटेत थांबू नये म्हणून डायपर घालून आली, ही गोष्ट तिच्या वकिलाने नाकारली. लोकांच्या लक्षात मात्र तेवढीच राहिली.

आपल्याकडचा कट

मराठी घरांत गुन्हेमालिका म्हटलं की शिवाजी साटम डोळ्यांपुढे येतात. जानेवारी १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'सीआयडी'ने आपल्याला एक सवय लावली. 'कुछ तो गडबड है' म्हटलं की गडबड असणारच, प्रयोगशाळेचा अहवाल मिनिटात येणार आणि शेवटी दार तुटून आरोपी समोर उभा राहणार.

तीच सवय इतिहासाला लावली की काय होतं, ते 'रॉकेट बॉइज' या हिंदी मालिकेत दिसलं. २०२२ च्या फेब्रुवारीत आलेला पहिला हंगाम होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांची उमेद मन लावून उभी करतो. २०२३ चा दुसरा हंगाम मात्र हेरकथेकडे वळतो आणि भाभांच्या मृत्यूमागे अमेरिकी गुप्तहेरांचा कट रंगवतो. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं विमान मों ब्लां पर्वतावर कोसळलं आणि त्यात भाभा गेले. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष असा, की विमान डोंगरापासून नेमकं कुठे आहे याबद्दल वैमानिक आणि नियंत्रक यांच्यात गैरसमज झाला. एवढा मोठा माणूस एका गैरसमजात जावा, हे मनाला पटत नाही. म्हणून पडदा खलनायक पुरवतो.

मोजपट्टीने लावलेला तपास

सिंदेवाहीच्या प्रकरणातही पहिला संशय चुकीच्या माणसावर गेला, अगदी मालिकेसारखा. त्याच दिवशी न्यूझीलंडहून 'इलेक्ट्रॉन' रॉकेट उडालं होतं, तेव्हा हे अवशेष त्याचेच, असा तर्क निघाला. वेळ जुळत होती, माप जुळत नव्हतं. इलेक्ट्रॉनचा व्यास १.२ मीटर. त्यातून ३ मीटरचं कडं निघणार कसं?

चीनच्या 'लाँग मार्च ३बी' रॉकेटचा तिसरा टप्पा मात्र बरोबर ३ मीटर व्यासाचा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये उपग्रह सोडल्यावर असा एक रिकामा टप्पा कक्षेत फिरत राहिला होता. विरळ वातावरणाच्या घर्षणाने तो खाली खाली येत होता आणि पाडव्याच्या संध्याकाळी त्याची वाट भारतावरून जात होती. अंतराळातल्या वस्तूंचा हिशेब ठेवणारे, तेव्हा हार्वर्डमध्ये असलेले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी व्हिडिओ बघून त्याच टप्प्याकडे बोट दाखवलं. गोळ्यांचंही कोडं त्यात सुटतं. इंधनाच्या टाक्यांत दाब राखण्यासाठी हेलियमसारखा वायू अशा गोळ्यांत ठासून भरतात. प्रचंड दाब सोसायला घडवलेली ही भांडी परतीच्या आगीतही पुष्कळदा शाबूत राहतात. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन वस्तू तपासून गेले. मे महिन्यात गुजरातमध्ये आणंद आणि खेडा जिल्ह्यांत तसेच गोळे पडले.

आरोपीच्या पिंजऱ्यात कोण?

इथे मालिकेचा साचा मोडतो. या प्रकरणात हेतू नाही, कट नाही, पळून जाणारा आरोपी नाही. टप्पा वापरायचा, कक्षेत सोडून द्यायचा आणि कुठे पडेल ते नशिबावर टाकायचं, ही जुनी वहिवाट आहे आणि एकट्या चीनची नाही. ११ जुलै १९७९ ला अमेरिकेच्या स्कायलॅबचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले, तेव्हा एस्परन्सच्या नगरपालिकेने कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलरचा दंड ठोठावला होता. तो भरला गेला २००९ मध्ये, तोही एका रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने.

कायदा आहे. १९७२ च्या दायित्व करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीला रॉकेट सोडणारा देश पूर्णपणे जबाबदार. चूक सिद्ध करण्याचीही गरज नाही. भारत आणि चीन दोघेही त्यात सामील आहेत. १९७८ मध्ये सोव्हिएत 'कॉसमॉस ९५४' हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली. लाडबोरीत कुणाला इजा झाली नाही, तेव्हा भरपाईचा प्रश्नच आला नाही. उलट १९६८ चा करार सांगतो, की मूळ देशाने मागितल्यास सापडलेली वस्तू परत द्यायची. म्हणजे ठाण्यातला मुद्देमाल कायद्याने आरोपीचीच मालमत्ता!

बाज आणि तीन चोर

सिंदेवाहीच्या जंगलाला आकाशातली चोरी नवीन नाही. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी गोंडांच्या खगोलज्ञानाचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सप्तर्षींचे चार तारे म्हणजे बाज आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ती पळवू पाहणारे चोर, ही समजूत नोंदलेली आहे. बाज उत्तरेला फिरत राहते, चोर मागे राहतात, चोरी काही पुरी होत नाही आणि पकडलंही कुणी जात नाही. शेवटच्या पाच मिनिटांत आरोपी हजर करण्याची घाई त्या गोष्टीला नाही.

दिवाळी सरली की गावोगावी मंडई भरेल आणि वडसाच्या नाटक कंपन्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, रात्ररात्र जागवतील. सिंदेवाहीचं कडं हा त्यांच्यासाठी तयार विषय आहे: घाबरलेलं गाव, गोंधळलेलं ठाणं, मोजपट्टी घेऊन बसलेला एखादा मास्तर आणि बारा हजार किलोमीटरवरचा चुकीचा संशयित. खलनायक मात्र त्यांनी आणू नये. बेफिकिरीला चेहरा नसतो आणि ती पुन्हा पडणार आहे, एवढं प्रेक्षकांना कळलं तरी अनेक मालिकांना न जमलेलं काम झाडीपट्टीने केलं असं होईल.