मोटारींतील पेट्रोलचा पंप आणि विजेची वाट

मोटार चालतां चालतां मध्येंच बंद पडली म्हणजे लोक प्रथम इंजिनास दोष देतात. वस्तुतः इंजिन बिचारें पुष्कळदां उपाशीं असतें. त्यास पेट्रोल पोंचविणारा पंप आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांनींच पाहिला असेल. कारण हल्लींच्या पुष्कळ गाड्यांत तो मागच्या बैठकीखालीं, टाकीच्या आंत, पेट्रोलांतच बुडालेला असतो. त्या पेट्रोलानेंच तो थंड राहतो. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांस इंजिनाच्या गतीनें हलणारा साधा पडद्याचा पंप पुरे होई. पुढें इंजिनांत पेट्रोलचे फवारे मारण्याची युक्ति आली. तिला सुमारें ३ ते ४ बार दाब लागतो, आणि हें काम विजेच्या पंपाकडे आलें.

इंजिनाची शक्ति वाढविण्याचा छंद असलेले कांहीं हौशी लोक घरच्या घरीं हा पंप काढून त्या जागीं मोठा पंप बसवितात. दोन दिवस गाडी उत्तम धांवते. तिसऱ्या दिवशीं ती चढावर गचके खाऊन थांबते, आणि अर्धा तास उभी ठेविली कीं मुकाट्यानें पुन्हां सुरू होते! नवा पंपच खोटा निघाला असें ठरवून दुकानदाराशीं भांडण जुंपतें. आमच्या मतें भांडणापूर्वीं थोडें गणित करावें.

समजा, मूळचा पंप ५ अँपियर प्रवाह घेत होता व नवा १२ घेतो. बॅटरीपासून पंपापर्यंतच्या व परतीच्या तारा, जोड आणि स्विच मिळून ०.२ ओहम विरोध आहे असें धरूं. वर्गांत शिकलेल्या ओहमच्या नियमानें पूर्वीं वाटेंत १ व्होल्ट खर्च होई, आतां २.४ व्होल्ट होतो. इंजिन चालूं असतां निघालेल्या १३.५ व्होल्टांपैकीं पंपास ११.१ च मिळतात व तो मंदावतो. पण खरी भीति दुसरीच आहे. वाटेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते : पूर्वींच्या ५ वॅटांच्या जागीं आतां जवळजवळ २९ वॅट! ही उष्णता बहुतेक एखाद्या सैल जोडांतच सांठते. जोड तापला कीं त्याचा विरोध वाढतो, विरोध वाढला कीं तो अधिकच तापतो, आणि शेवटीं प्रवाह तुटतो. थंड झाल्यावर धातु पुन्हां टेंकतो. अर्ध्या तासाच्या विश्रांतीचें रहस्य हेंच.

कधीं कधीं फ्यूज जळतो. तेव्हां १० अँपियरचा काढून ३० चा घालण्याचा मोह होतो. पालकांनीं या मोहास घरांत थारा देऊं नये. फ्यूज पंपाच्या रक्षणासाठीं नसून तारेच्या रक्षणासाठीं असतो. जाड फ्यूज घातला तर जळण्याचें काम तार पत्करते, आणि ती तार पेट्रोलच्या टाकीजवळून, मुलें बसतात त्या बैठकीखालून गेलेली असते.

दोष शोधतांना प्रथम कान वापरावा. चावी फिरवितांच पुष्कळ गाड्यांत पंप सुमारें दोन सेकंद गुणगुणतो. आवाज नसेल तर फ्यूज व रिले पाहावा. रिले म्हणजे विद्युच्चुंबकानें चालणारा स्विच. चावी फिरतांच तो टक् असा वाजतो. त्याच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आंकडे असतात. पांच पायांच्या रिलेंत ८७ए हा एक लबाड पाय असतो. पंपाची तार चुकून त्यावर जोडली तर चावी बंद असतां पंप चालतो आणि लावतांच थांबतो!

आवाज असूनहि गाडी अडत असेल तर व्होल्टमापक घ्यावा. मात्र पंपाची तार सोडवून मोजूं नये. चिमटलेल्या रबरी नळीचें तोंड बोटानें दाबून धरलें तर तेथेंहि पूर्ण दाब जाणवतो; पाणी वाहूं लागल्यावरच खोड उघडी पडते. म्हणून पंप चालूं असतांच मापकाचें एक टोंक बॅटरीच्या धन अग्रास व दुसरें पंपाच्या धन जोडास लावावें. अर्ध्या व्होल्टाहून फार अधिक दिसलें तर त्या बाजूस चोर आहे. मग ऋण बाजूहि तशीच पाहावी. पत्र्यावरील रंग न खरवडतां बसविलेला परतीचा जोड हें चोराचें आवडतें घर होय. ही परीक्षा मोकळ्या हवेंत, टाकी बंद असतां व वडील माणसांसमक्षच करावी.

उपाय असा कीं बॅटरीपासून सुमारें ४ चौरस मिलिमीटरची नवी तार आणावी, बॅटरीलगतच तिला योग्य फ्यूज द्यावा आणि ती नव्या रिलेमधून पंपाकडे न्यावी. परतीची तारहि तितकीच जाड हवी. जुन्या तारेकडे आतां रिलेचें चुंबक जागें करण्याचेंच काम राहतें. त्यास सुमारें ०.१५ अँपियर पुरतो. जुनी तार मध्यें ठेवणें मात्र अगत्याचें आहे. इंजिन थांबतांच पंप थांबविण्याचा हुकूम तिच्याच वाटेनें येतो; पंप थेट बॅटरीस जोडला तर अपघातानंतर फुटलेल्या नळींतून तो पेट्रोल ओतीतच राहील. जोडणी झाल्यावर गाडी पंधरा मिनिटें चालवून रिले व उघडे जोड हातानें चांचपून पाहावे. ते कोमटच राहिले व पंपापाशीं १३ व्होल्ट मिळाले, म्हणजे बैठक पुन्हां बसवावयास हरकत नाहीं.